न मुरलेलें द्राक्षमद्य

दौंड तालुक्यांतील रोटीच्या माळावर २००० नंतरच्या दशकांत फोर सीझन्स मद्यशाळेचे द्राक्षमळे उभे राहिले. या बाजूचें शिराझ जातीचें तांबडें मद्य कोवळेपणीं चाखलें, तर रंग पिकल्या जांभळाचा, वासांत मिऱ्यांची छटा. पण घोट उतरतांच हिरडा चघळल्याप्रमाणें जीभ आकसते. ‘मद्य बिघडलें’ म्हणून आमचे पुष्कळ गृहस्थ पेला खालीं ठेवतात. हा निकाल सर्वस्वीं अन्यायाचा आहे. सालींतून व बियांतून उतरलेलें टॅनिन हा तांबड्या मद्याचा कणाच होय. कालांतरानें त्याचे कण एकमेकांस जडतात, कांहीं तळाशीं बसतात, आणि तोच घोट मऊ लागतो. लोणचें मुरण्यापूर्वीं बरणी उघडणाऱ्यानें सुगरणीस दोष देऊं नये!

मग बाटली घरींच ठेवून वाट पाहावी काय? येथें मात्र आमचें मत प्रतिकूल आहे. मद्य मुरण्यास १२ ते १५ अंशांचा स्थिर गारवा व अंधार हवा. शिरूर-दौंडकडे वैशाखांत पारा चाळिशीस टेकतो. माडीवरच्या कपाटांतलें मद्य मुरत नाहीं, शिजतें. आमच्या वाड्यांतून पेवें होतीं, पण तीं धान्याचीं. राज्य सरकारच्या २००१ च्या धोरणानें द्राक्षमद्याच्या धंद्यास उत्तेजन मिळालें. घरोघरीं तळघरें कोण देणार? तेव्हां भांडवल अडकलें तरी मुरविण्याचीं दोन-तीन वर्षें उत्पादकानेंच सोसावीं, आणि बाटली त्यानंतर दुकानांत धाडावी. तोंवर ज्यास धीर नसेल त्यानें तें मटणाच्या रश्श्याबरोबर घ्यावें. मांसामुळें तुरटपणा पुष्कळसा झांकला जातो.