लिनक्सला विषाणू लागत नाही?

‘लिनक्सला विषाणू लागत नाही, अँटिव्हायरस नको’ असे संगणकाच्या तासाला सर्रास सांगितले जाते. हे विधान अर्धेच खरे आहे.

खरे अर्धे आधी पाहू. लिनक्सवर साध्या वापरकर्त्याला प्रणालीच्या मूळ फायली बदलता येत नाहीत. त्याला ‘रूट’चे अधिकार लागतात. नवे प्रोग्रॅमही बहुधा अधिकृत भांडारातूनच येतात. १९९७ मध्ये आढळलेला ‘ब्लिस’ हा लिनक्सचा विषाणू म्हणूनच फारसा पसरला नाही. (त्याच्या कर्त्याने त्याला काढून टाकण्याची सोयही त्यातच ठेवली होती!)

पण कुलूप आहे ते प्रणालीला. विद्यार्थ्यांचे प्रकल्प आणि गुणांचे तक्ते वापरकर्त्याच्याच मालकीचे असतात. ते पुसायला रूट लागत नाही. कुठूनतरी उतरवलेली आज्ञा ‘सुडो’ लावून चालवली, की प्रणालीचीही किल्ली दिलीच म्हणायची.

२०१६ मध्ये ‘मिराई’ने लिनक्सवर चालणारे असंख्य कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले. त्याची युक्ती अगदी साधी होती. कारखान्यात घातलेल्या पासवर्डांच्या साठेक जोड्या तो एकेक करून लावून पाही. कित्येकांनी ते बदललेच नव्हते. त्याच वर्षी ऑक्टोबरात या उपकरणांच्या माऱ्याने अमेरिकेतील ‘डिन’ कंपनीची सेवा कोलमडली आणि ट्विटरसारखी संकेतस्थळे काही तास अनेकांना उघडेनात.

भांडारावरचा विश्वासही २०२४ मध्ये डळमळला. ‘एक्सझेड’ या फायली आकसून ठेवणाऱ्या साधनात, प्रकल्पाचा भरवसा कमावलेल्या एका सहभाग्यानेच चोरवाट ठेवली. ती काही लिनक्स वितरणांच्या चाचणी-आवृत्त्यांत पोहोचलीही. अँटिव्हायरस मुख्यतः ओळखीच्या खुणा शोधतो. या चोरवाटेची खूण तेव्हा कोणाकडेच नव्हती. ती सापडली आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला. दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा त्यांनी पिच्छा पुरवला. निरीक्षणाचे महत्त्व शिकवताना हे उदाहरण वर्गात जरूर सांगावे.

तेव्हा शाळेतल्या लिनक्स संगणकावर अँटिव्हायरस नसला तरी चालेल, हे माझेही मत आहे. मात्र वेळोवेळी अद्ययावत करणे, पासवर्ड बदलणे आणि फायलींची प्रत वेगळी ठेवणे टाळून चालणार नाही. एक अपवाद करावा. विंडोजचा विषाणू लिनक्सवर सहसा निपचित पडून राहतो, पण पेनड्राइव्हवरून पुढच्या विंडोज संगणकात जातो. आपला संगणक तेव्हा नुसता वाहक ठरतो. जिथे पेनड्राइव्हची अशी ये-जा रोजची आहे, तिथे ‘क्लॅमएव्ही’ हा मोफत अँटिव्हायरस बसवावा.