स्पर्धेची रांगोळी आणि उत्सवाची आलपना

विद्यापीठांच्या युवक महोत्सवात तुम्ही रांगोळीच्या दालनात कधीतरी डोकावला असाल. फरशीवर आखलेले चौकोन, प्रत्येक चौकोनात एक विद्यार्थी, साहित्य ज्याचे त्याने आणलेले, माध्यम एकच आणि वेळ जास्तीत जास्त अडीच तास. हीच शिस्त इतर प्रकारांनाही असते. एकांकिकेला ३० मिनिटे, मूकनाट्याला ५. इतक्या संघांना न्याय द्यायचा तर घड्याळ लागणारच, त्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न वेगळा आहे. या नियमांत तयार होणारी कलाकृती कशी दिसते?

पुढच्या वेळी नीट पाहा. त्या रांगोळीला बहुधा एक ‘वर’ आणि एक ‘खाली’ असते. एखाद्या थोर व्यक्तीचा चेहरा, डोळ्यांतली चमक, कपाळावरच्या सुरकुत्या, सगळे हुबेहूब. परीक्षक एका बाजूला उभे राहून पाहतात, म्हणून चित्रही त्याच बाजूला तोंड करून बसते. माझ्या मते ही जमिनीवर काढलेली रांगोळी नसून जमिनीवर ठेवलेले भिंतीवरचे चित्र आहे. कौशल्य त्यात असते, कित्येकदा थक्क करणारे असते. पण ती दुसऱ्या शहरातल्या दुसऱ्या फरशीवर हलवली तरी तिचे काही बिघडणार नाही.

याच्या शेजारी शांतिनिकेतनची आलपना ठेवून पाहू. आलपना म्हणजे बंगालमधील घरोघरच्या स्त्रियांची व्रताची रेखाटने: तांदळाच्या पिठाचे पातळ पाणी आणि बोटाचे टोक, एवढेच साधन. अवनींद्रनाथ ठाकूर यांनी बंगालच्या व्रतांवर पुस्तक लिहून या कलेकडे सुशिक्षितांचे लक्ष वेधले. शांतिनिकेतनात १९१९ मध्ये कलाभवन सुरू झाले आणि नंदलाल बोस यांच्या काळात आलपना तिथे शिकवली जाऊ लागली. ती शिकवायला आलेल्या सुकुमारी देवी या कोणत्याही कलाशाळेतून आलेल्या नव्हत्या, त्यांची विद्या घरातली होती. पुढे नंदलालांच्या कन्या गौरी भंज यांनी ती परंपरा चालवली. विद्यापीठाच्या कलाशिक्षणात स्वयंपाकघराजवळची ही विद्या अशी सन्मानाने आत आली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

ही आलपना स्पर्धेसाठी नव्हती. रवींद्रनाथांनी १९२८ मध्ये वृक्षारोपणाचा उत्सव सुरू केला. त्यात रोपटे सजवलेल्या पालखीतून मिरवत आणतात. क्षिती, अप, तेज, मरुत आणि व्योम या पंचमहाभूतांच्या भूमिका मुले घेतात आणि गाण्यांच्या साथीने रोप जमिनीत जाते. अशा समारंभात आलपनेला काम असते. बसायची जागा कुठे, वाट कुठून, मध्य कुठला, हे ती सांगते. म्हणून तिची वेल गोल फिरते किंवा वाटेच्या कडेने लांबत जाते. तिला वर-खाली नसते, कारण माणसे तिच्या चहूबाजूंनी असतात. अनेक हात ती काढतात आणि खाली कोणाचे नाव नसते. इथे नर्तक, गायक, आलपना काढणारी मुलगी आणि बघणारा शिक्षक यांच्यातली रेघ फार पुसट आहे. सगळा परिसर मिळून एकच प्रयोग होतो, आणि समीक्षा करायची तर त्या प्रयोगाचीच करावी लागते.

मात्र शांतिनिकेतनला देव्हाऱ्यात बसवू नका. घरच्या आलपनेत धान्याचे कोठार, दागिने, लक्ष्मीची पावले येत. बाईला जे हवे होते ते ती जमिनीवर काढून मागत होती. कलाभवनात ती मागणी मागे पडली. फुले, वेली, लयदार वळणे पुढे आली. इच्छा गेली, आकार राहिला. त्या आकाराला विलक्षण नजाकत आली हे खरे, पण त्याचीही एक ठराविक ‘शैली’ झाली आणि आज ती लग्नपत्रिकांवरही छापलेली आढळते. आणखी एक गोष्ट. तिथला वसंतोत्सव पाहायला इतकी गर्दी लोटू लागली की अलीकडे विद्यापीठाने तो आपल्या माणसांपुरता मर्यादित ठेवला. सर्वांनी मिळून करायचा उत्सव नुसता बघायचा झाला की आलपना छायाचित्रामागचा पडदा होते. शिवाय स्पर्धेचा चौकोन आडगावच्या महाविद्यालयातल्या अनोळखी मुलीलाही समान जागा देतो. उत्सवात ती जागा मिळायला तुम्ही आधी त्या परिवारातले असावे लागता. ही अडचण मला आजही सुटलेली वाटत नाही.

तेव्हा हा पाठ वाचून तुमच्या महाविद्यालयाच्या पुढच्या स्नेहसंमेलनात एक गोष्ट करून पाहा. रांगोळीचा निकाल लागल्यानंतर अर्धा तास तिथेच थांबा. दोरी सोडली जाते का, कोणी खाली वाकून दुसऱ्या बाजूने पाहते का, ज्यांचा क्रमांक आला नाही त्या मुली एकमेकींच्या चौकोनांकडे जातात का, आणि केरसुणी कोणाच्या हातात येते, हे टिपून ठेवा. समीक्षेची सुरुवात तिथून करा, परीक्षकांच्या गुणपत्रिकेवरून नको.