‘अन्याय’ म्हणजे कोणता?

सोनगीरच्या एका बैठकीत एका विद्यार्थ्याने आपले लेखन वाचले. ‘हजारो वर्षांची गुलामी’, ‘पिचलेला समाज’, ‘शोषणाचा वणवा’ असे शब्द एकामागून एक आले. टाळ्या पडल्या. मी विचारले, ‘यातले तुझ्या घरात काय घडले?’ तो थांबला. मग अहिराणीत सांगू लागला. बाप हॉटेलात चहाला गेला की मालक बाहेर बोट दाखवी, ‘तुन्हा कप तठे शे.’ वळचणीखालच्या फळीवर कान तुटलेला कप. चहा पिऊन झाला की बापानेच तो धुवायचा आणि पुन्हा फळीवर ठेवायचा. बैठक गप्प झाली. हा कप त्याच्या वहीत नव्हता. तो साहित्यात बसत नाही, असे त्याला वाटत होते.

सभेत ‘अन्याय’ हा शब्द लागतो. तो माणसे एकत्र आणतो. पण लेखनात तोच शब्द गुन्हेगाराला आडोसा देतो. ‘समाजाने अन्याय केला’ हे वाक्य हॉटेलमालकही मान डोलावून ऐकेल. कपाचे वाक्य त्याला ऐकवणार नाही.

बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ची सुरुवातच या प्रश्नाने होते. परक्या माणसाला अस्पृश्यता कशी समजावावी? सर्वसाधारण वर्णन करावे की घडलेल्या घटना सांगाव्यात? त्यांनी घटना निवडल्या. त्यांतली एक आपल्या खानदेशातली आहे. १९२९ मध्ये सरकारी समितीचे सदस्य म्हणून ते इकडे आले होते. चाळीसगाव स्टेशनवर टांगे उभे होते, तरी तासभर कोणी त्यांना हलवीना. अखेर टांगा आला. नदीवरच्या फरशीवर चाक कडेच्या दगडाला धडकले, घोडा-टांगा नदीत गेला, बाबासाहेब फरशीवर आदळले आणि पाय मोडला. चौकशीअंती कळले : अस्पृश्याला बसवून टांगा हाकणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटले. टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मिळाला नाही. म्हणून टांगा कधी न हाकलेला आपलाच माणूस पुढे बसला.

इथे दगड, चाक, तासभराचा खोळंबा यांतले काहीही सजावटीचे नाही. प्रत्येक तपशील पुरावा आहे. बाबासाहेब आपल्या माणसांनाही सोडत नाहीत. पाहुण्याचा मान राखताना त्यांनी त्याचा जीव धोक्यात घातला, हेही ते नोंदवतात. आणि मगच निष्कर्ष येतो : मोलमजुरीवर जगणारा टांगेवालाही बॅरिस्टरपेक्षा स्वतःला श्रेष्ठ समजतो, तो जातीमुळे. हे सर्वसाधारण विधानच आहे, पण मोडलेल्या पायाने मिळवलेले.

नुसता तपशीलही पुरत नाही, हे आमच्या लेखकांनी विसरू नये. कारणापर्यंत न पोचलेला कप फक्त कीव मागतो. त्या विद्यार्थ्याला मी एवढेच म्हटले : आधी कप लिही. मग तो फळीवर कोणी ठेवला ते लिही. आणि तो आत घेतला असता तर मालकाचे काय गेले असते, तेही लिही. ‘शोषण’ हा शब्द त्यानंतर लागला, तर लिही.