प्रभागाची सीमा आणि मतदाराची स्मृती

पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर पंचवीस वर्षे एकाच घरात राहणाऱ्या मतदाराचा पत्ता बदललेला नसतो. त्याचा प्रभाग मात्र बदलत राहतो. 2017च्या रचनेत डेक्कन जिमखाना मॉडेल कॉलनीला जोडलेला होता. 2025च्या रचनेत मॉडेल कॉलनी शिवाजीनगरबरोबर गेली आणि डेक्कनच्या जोडीला हॅपी कॉलनी आली. प्रभागाच्या नावातील दोन वस्त्यांमधली ती आडवी रेघ दिसायला किरकोळ आहे. पण आपला मतदारशेजारी कोण, हे तीच ठरवते.

प्रभाग रचनेची चर्चा आपल्याकडे बहुधा ‘फायदा कोणाला’ या एकाच प्रश्नापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. तो प्रश्न खोटा नाही, पण अपुरा आहे. पक्षांचा नफातोटा एका निवडणुकीपुरता असतो. रचना वारंवार बदलल्याने कायमचे नुकसान होते ते मतदाराच्या स्मृतीचे. मागच्या खेपेला ज्याला निवडले त्याचा हिशेब पुढच्या खेपेला मागता यावा, ही स्थानिक लोकशाहीची किमान अट. त्यासाठी प्रतिनिधी आणि मतदार पुन्हा एकाच सीमेत समोरासमोर यावे लागतात.

पुण्याचा इतिहास या कसोटीवर वाचण्यासारखा आहे. 2002मध्ये महापालिकेची निवडणूक तीनसदस्यीय प्रभागांतून झाली. 2007मध्ये एकसदस्यीय वॉर्ड परत आले. 2012मध्ये दोन सदस्यांचे 76 प्रभाग झाले, सदस्यसंख्या 152. 2017मध्ये प्रभाग चार सदस्यांचे झाले: 41 प्रभाग, 162 सदस्य. सलग चार निवडणुका, चार पद्धती. पुढचे वळण तर अधिक विलक्षण आहे. 2019च्या अखेरीस एकसदस्यीय पद्धतीकडे जाण्याचा निर्णय झाला, 2021मध्ये तीन सदस्यांचा आणि 2022मध्ये पुन्हा चारांचा. मधल्या काळात 58 प्रभाग आणि 173 सदस्यांची एक संपूर्ण रचना तयार होऊन रद्दही झाली. मार्च 2022पासून महापालिकेत प्रशासक होता; म्हणजे नियम बदलत राहिले आणि मतदान मात्र लांबत गेले. 2025च्या रचनेत पुन्हा 41 प्रभाग झाले, सदस्य 165. आंबेगाव-कात्रजचा प्रभाग पाच जणांचा, बाकीचे चार जणांचे.

हे बदल कोणा एका पक्षाच्या खात्यावर टाकता येत नाहीत. 2002 ते 2012 या काळातील तिन्ही पद्धती काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीच्या राजवटीतल्या. 2016चा निर्णय भाजप-शिवसेना युतीचा. त्यानंतरचे उलटसुलट निर्णय महाविकास आघाडीचे आणि महायुतीचे. 74व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनात्मक स्थान दिले, राज्य निवडणूक आयोगाची तरतूद केली. पण एका प्रभागातून किती सदस्य निवडायचे, हे राज्याच्या कायद्यावर सोडले. मार्च 2022मध्ये विधिमंडळाने कायदा दुरुस्त करून प्रभाग रचनेचे अधिकारही राज्य शासनाकडे घेतले. ज्यांना निवडणूक लढवायची आहे, त्यांच्याच हाती मैदानाच्या रेषा आल्या.

रेषा आखण्याची पद्धत कागदावर निर्दोष वाटते. सुरुवात उत्तरेकडून करायची, शेवट दक्षिणेला; जनगणनेचा प्रगणक गट फोडायचा नाही; नदी, नाले, मोठे रस्ते, लोहमार्ग यांचा मान राखायचा; सरासरी लोकसंख्येपासून दहा टक्क्यांहून अधिक ढळायचे नाही. पण ही लोकसंख्या 2011च्या जनगणनेची. समाविष्ट गावांसह ती सुमारे 34 लाख 81 हजार धरली आहे. मधल्या चौदा वर्षांत शहराच्या कडेला उभ्या राहिलेल्या इमारती या हिशेबात नाहीत. कागदावर समान असलेले प्रभाग जमिनीवर समान असतीलच असे नाही.

बहुसदस्यीय पद्धतीच्या बाजूने एक मुद्दा वजनदार आहे. महिलांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत. शिवाय अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसी आरक्षण. एकसदस्यीय वॉर्डात सोडत निघाली की चांगले काम करणाऱ्याचाही वॉर्ड हातून जातो. चार जागांच्या प्रभागात आरक्षणाला आणि इतरांनाही वाव राहतो. हा लाभ खरा आहे. पण त्याची किंमतही खरी आहे. चार सदस्यांच्या प्रभागाची लोकसंख्या सरासरी 84 हजारांच्या घरात जाते. एका सदस्यामागे ती 21 हजार असते. एवढ्या विस्तारात पक्षाचे चिन्ह पोहोचते, पायी फिरणारा अपक्ष पोहोचत नाही. मतदार अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार वेळा बटण दाबतो. पुढे ड्रेनेज तुंबले की फोन नेमका कोणाला करायचा, हे त्याला उमगत नाही. बाकावर ‘संकल्पना’ म्हणून नावे झळकतात, जबाबदारी मात्र चौघांत वाटून विरून जाते.

मुंबईने एकसदस्यीय प्रभाग टिकवले, पण आकड्यांच्या खेळातून तीही सुटली नाही. 227च्या जागा 236 झाल्या आणि वर्षभरात पुन्हा 227. तरीही ‘आमचा नगरसेवक’ हे शब्द तिथे अजून एकवचनी राहिले आहेत, हा फरक लहान नाही.

शहर वाढते, म्हणून सीमा गोठवून ठेवता येणार नाहीत. जनगणनेनंतर त्या बदलायलाच हव्यात. मात्र सदस्यसंख्येचा नियम दोन जनगणनांच्या दरम्यान बदलता येणार नाही, असे बंधन कायद्यात हवे आणि आखणी निवडणूक आयोगाकडे परत जायला हवी. सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या 31 जानेवारी 2026 या मुदतीत मतदान झाले आणि पुणेकरांनी जवळपास नऊ वर्षांनी नगरसेवक निवडले. 2017मध्ये निवडलेल्यांचा हिशेब मागायला ते केंद्रावर गेले, तेव्हा अनेकांसमोरची यादी वेगळ्याच प्रभागाची होती.