जुना रकाना, नवा अर्थ : लिनक्स कर्नेलमधील कॅशच्या आकडेवारीची चिकित्सा

डिस्कवरून एकदा वाचलेला मजकूर पुन्हा लागेल या अपेक्षेने मोकळ्या मेमरीत राखून ठेवणे, हे कार्यप्रणालीच्या कर्नेलचे एक प्रमुख काम होय. या साठ्यास पेज कॅश म्हणतात. कर्नेलच्या स्वतःच्या लहानलहान वस्तूंसाठी स्लॅब कॅश असतो तो वेगळा. या दोहोंत किती मेमरी गुंतली आहे, हे बाहेरच्या प्रोग्रॅमांना कळावे म्हणून लिनक्स कर्नेल काही आकडे प्रसिद्ध करते. एकदा प्रसिद्ध झालेला आकडा मात्र कर्नेलच्या एकट्याच्या मालकीचा राहत नाही. असंख्य साधने त्यावर उभी राहतात. यास्तव चालू प्रोग्रॅम कर्नेलमधील बदलामुळे मोडता कामा नये, हा नियम लिनक्स परंपरेत अत्यंत कडकपणे पाळला जातो. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी डिसेंबर २०१२ मध्ये तो ज्या कठोर शब्दांत बजावला, ते प्रकरण सर्वश्रुत आहे.

प्रस्तुत लेखाचा आक्षेप या नियमास नाही. रकान्याचे नाव, त्याचे स्थान आणि एकक शाबूत राहिले की सुसंगती राखली गेली, अशी जी समजूत व्यवहारात रूढ झाली आहे, तिला आहे. नाव तेच ठेवून आकड्याचा अर्थ सरकू दिला, तर प्रोग्रॅम मोडत नाही, परंतु तो चुकीचे उत्तर देऊ लागतो. मोडलेला प्रोग्रॅम निदान लक्षात तरी येतो.

प्रॉक निर्देशिकेतील मेमइन्फो या फाइलचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. २.४ आवृत्तीच्या काळात या फाइलीत एकच माहिती दोनदा छापली जात असे: वर जुन्या पद्धतीचा तक्ता आणि खाली नाव व मूल्य अशा सुट्या ओळी. साधने सुधारली की वरचा तक्ता यथावकाश काढला जाईल, अशी टीप कर्नेलच्या मूळ संहितेतच होती. संक्रमणाची ही रीत उत्तम म्हणावी लागेल. त्याच फाइलीत ‘मेमशेअर्ड’ या नावापुढे मात्र नेहमी शून्य छापले जाई, कारण ती मोजणी सोडून दिलेली होती आणि ओळ केवळ जुन्या साधनांसाठी ठेवलेली होती. शून्य हे मूल्य आहे. ‘मोजलेले नाही’ असा त्याचा अर्थ कोणताही वाचक लावणार नाही. (याच फाइलीतील ‘केबी’ हे एकक १००० नव्हे, १०२४ बाइटांचे आहे. तेही सुसंगतीपोटी तसेच राहिले आहे.)

अधिक गंभीर प्रकरण ‘कॅश्ड’ या ओळीचे. ‘मेमफ्री’ आणि ‘कॅश्ड’ यांची बेरीज म्हणजे वापरण्याजोगी मेमरी, हे समीकरण दीर्घकाळ साधनांत आणि अध्यापनातही वापरले गेले. ते पूर्वी बऱ्याच अंशी खरे होते. पुढे टीएमपीएफएस आणि सामायिक मेमरी यांचा वापर वाढला. त्यांची पाने ‘कॅश्ड’मध्येच मोजली जातात, परंतु ती डिस्कवरील फाइलीच्या पानांप्रमाणे सहज टाकून देता येत नाहीत. समजा, ८ जीबी मेमरीच्या यंत्रावर कोणी टीएमपीएफएसमध्ये ३ जीबी मजकूर ठेवला आणि स्वॅप बंद आहे. ‘कॅश्ड’ ३ जीबींनी फुगेल, पण तो मजकूर कोणी पुसेपर्यंत त्यातील एक पानही मोकळे करता येणार नाही. उलटपक्षी, स्लॅबमधील जो भाग गरज पडल्यास परत मिळू शकतो, तो या बेरजेत येतच नाही. समीकरण दोन्ही बाजूंनी चुकते. २००९ च्या २.६.३२ आवृत्तीपासून ‘शमेम’ ही स्वतंत्र ओळ आल्याने वजाबाकी शक्य झाली खरी, पण ती करावी लागते हे ठाऊक असणाऱ्यांनाच.

२०१४ मधील ३.१४ आवृत्तीत ‘मेमअव्हेलेबल’ ही नवी ओळ आली. मोकळी मेमरी, फाइलींची पाने आणि परत मिळवता येणारा स्लॅब यांची बेरीज करून, यंत्र सुरळीत चालण्यासाठी राखावा लागणारा भाग त्यातून वगळून हा अंदाज काढला जातो. येथे दोन गोष्टी योग्य झाल्या. ‘कॅश्ड’ला हात न लावता नव्या अर्थास नवे नाव दिले गेले. शिवाय कोणती मेमरी सोडवता येते हे कर्नेलच्या अंतर्गत रचनेनुसार बदलत असल्याने, तो हिशेब साधनांवर न सोपवता कर्नेलने स्वतःकडे घेतला. मात्र ही ओळ तिसऱ्या क्रमांकावर घातल्यामुळे, तिसरी ओळ म्हणजे ‘बफर्स’ असे गृहीत धरणारी स्क्रिप्ट त्या दिवसापासून भलताच आकडा वाचू लागली असणार. असे गृहीत धरणे चूकच, तथापि ओळ शेवटी घातली असती तर काही बिघडले नसते.

‘फ्री’ या आज्ञेने त्याच वर्षी, प्रॉक्प्स-एनजीच्या ३.३.१० आवृत्तीत, बफर व कॅश वजा करून दाखवणारी आपली जुनी दुसरी ओळ काढून टाकली आणि ‘अव्हेलेबल’ हा रकाना आणला. पुढील ४.० मालिकेत ‘यूज्ड’ची व्याख्याच बदलून ती एकूण वजा उपलब्ध अशी झाली. एकाच नावाच्या रकान्यातील जुन्या आणि नव्या नोंदी आता परस्परांशी ताडून पाहता येत नाहीत. प्रात्यक्षिकाच्या वह्या वर्षानुवर्षे त्याच चालवणाऱ्या आपल्या विभागांनी हे ध्यानात घ्यावे.

आवृत्तिक्रमांक दिल्याने हा प्रश्न सुटेल असे कोणी म्हणेल. स्लॅबइन्फो फाइलीच्या शिरोभागी तसा क्रमांक आहेच: २.१. स्लॅब या जुन्या व्यवस्थेची जागा स्लब या नव्या व्यवस्थेने घेतली तेव्हाही तो २.१ च राहिला. वस्तुतः नव्या व्यवस्थेत समान आकाराचे अनेक कॅश एकत्र केले जात असल्याने काही नावे यादीतून नाहीशी होतात, आणि समायोजनाच्या रकान्यांत नुसती शून्ये उमटतात. क्रमांक मांडणीचा होता, अर्थाचा नव्हता.

या सर्वांहून विचारप्रवर्तक प्रकरण मिनकोर या सिस्टीम कॉलचे आहे. मॅप केलेल्या फाइलीचे कोणते पान मेमरीत आहे, हे तो पानागणिक एक बाइट देऊन सांगतो. जानेवारी २०१९ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले की, सामायिक लायब्ररीची पाने अशी न्याहाळून एका प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या हालचालींचा माग काढता येतो. त्यावर पहिला उपाय असा योजला गेला की, कॉलने केवळ त्या प्रोसेसने स्वतः मॅप केलेलीच पाने मोजावीत. यामुळे कॅशची स्थिती पाहून ती पुन्हा उभी करणारी चालू साधने निरुपयोगी ठरत होती. म्हणून ५.० आवृत्ती प्रसिद्ध होण्यापूर्वीच तो मागे घेतला गेला. त्याच वर्षीच्या ५.२ आवृत्तीत वेगळा मार्ग स्वीकारण्यात आला: विचारणारा फाइलीचा मालक नसेल आणि त्याला लेखनाचा अधिकारही नसेल, तर सर्व पाने मेमरीत आहेत असेच उत्तर द्यावे.

सुरक्षिततेच्या दृष्टीने ही युक्ती निर्दोष आहे. कॉल यशस्वी होतो, उत्तराचा आकार बदलत नाही, कोणताही प्रोग्रॅम मोडत नाही. परंतु उत्तर खोटे असते आणि ते खोटे आहे याची कोणतीही खूण त्यात नसते. एखाद्या संशोधकाने साध्या वापरकर्त्याच्या खात्यातून लायब्ररी फाइलींची कॅशमधील उपस्थिती मोजली, तर त्याच्या आलेखात शंभर टक्के येतील आणि तो त्यावर निष्कर्ष रचील. प्रस्तुत लेखकाच्या मते येथे नकार देणेच उचित होते. जुन्या साधनांना नकाराची अपेक्षा नव्हती हे खरे, तथापि खोट्या उत्तराची तरी कुठे होती?

२०२३ मधील ६.५ आवृत्तीत कॅशस्टॅट हा नवा कॉल आला. १०० जीबींच्या फाइलीसाठी, ४ केबींचे पान धरल्यास, मिनकोर २,६२,१४,४०० बाइटांचे उत्तर देतो आणि त्यासाठी फाइल आधी मॅप करावी लागते. कॅशस्टॅट फाइलीच्या दिलेल्या पट्ट्यासाठी पाचच संख्या देतो: कॅशमधील पाने, डिस्कवर अद्याप न लिहिलेली, लिहिली जात असलेली, बाहेर काढलेली आणि अलीकडे बाहेर काढलेली. पुढील विस्तारासाठी एक ध्वज राखीव असून तो तूर्त शून्यच असला पाहिजे. रचना दूरदृष्टीची आहे. तरीही मिनकोरवर २०१९ मध्ये बसवलेली अधिकाराची तपासणी या नव्या कॉलमध्ये घालायची राहून गेली, आणि ती त्रुटी जानेवारी २०२५ मध्ये दुरुस्त करावी लागली. जुना उपाय उत्तराच्या आत दडलेला होता, तो कॉलच्या दर्शनी स्वरूपात कोठेच दिसत नव्हता. तो राहून जावा, यात नवल वाटत नाही.

या दुरुस्तीत मात्र कॅशस्टॅट परवानगी नसल्यास तशी त्रुटी परत करतो. परिणामी, सामान्य वापरकर्त्याने प्रणालीच्या एकाच लायब्ररी फाइलीबद्दल आज दोघांना विचारले, तर कॅशस्टॅट सांगतो की हे पाहण्याचा तुम्हांस अधिकार नाही. आणि मिनकोर सांगतो की सर्व पाने मेमरीत आहेत.