त्रिज्या, फळी आणि पागोळ्या

भंडारदऱ्यातल्या एका निवासाच्या दाराशी गेल्या पावसाळ्यात वक्र लाकडी छत पाहिलं. दुसऱ्याच पावसात त्याच्या फासळ्यांचे थर सुटू लागले होते. मालकांनी आराखडा दाखवला, तो पॅरामेट्रिक पद्धतीचा. या पद्धतीत मापांमधली नाती लिहितात. त्रिज्या बदलली की सगळ्या फासळ्या आपोआप बदलतात. ‘ग्रासहॉपर’वर मीही हे रात्री जागून शिकलो. आकडा सरकवत बसण्याचं व्यसन लागतं, हे कबूल.

माझा आक्षेप न लिहिलेल्या नात्यांबद्दल आहे. फळ्या वाकवून, चिकटवून फासळी करताना एका फळीची जाडी ढोबळमानाने त्रिज्येच्या दोनशेव्या भागापर्यंतच चालते. ६ मीटर त्रिज्येला ३ सेंटिमीटर. त्याहून जाड फळी सरळ व्हायला बघते आणि तो ताण जोडावर येतो. इथे त्रिज्या मनाजोगती, जाडी वखारीत मिळाली ती! पावसाचा तर आराखड्यात उल्लेखच नाही. फासळ्यांची कापलेली टोकं वळचणीबाहेर हातभर, थेट पागोळ्यांखाली.

यावरून वक्र लाकूड आपल्याकडे टिकत नाही, असं कुणी म्हणू नये. लोणावळ्याजवळ कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या सागवानी फासळ्या सुमारे २ हजार वर्षांच्या आहेत. गंमत म्हणजे त्या छत पेलत नाहीत, छत कातळाचंच आहे. म्हणजे वक्राची हौस तेव्हाही होतीच, फक्त ती कोरड्यात ठेवली होती.

मापं घेऊन मी घरी तो आराखडा पुन्हा मांडला, वळचण दीड हात पुढे सरकवली. वक्र तसाच राहिला.