डबे वेचणारा नायक

सेगाच्या ‘याकुझा: लाइक अ ड्रॅगन’ (२०२०) या जपानी व्हिडिओ गेमचा नायक इचिबान कासुगा १८ वर्षांचा तुरुंगवास भोगून योकोहामात बेघर होतो. ‘ड्रॅगन क्वेस्ट’चा वेडा तो, म्हणून मारामारीही त्याला पाळीपाळीने चाललेली दिसते. रोजगार कार्यालयात धंदा बदलला, की त्याचे हत्यारही बदलते. यातल्या मिनीगेमना (मी त्यांना पोटखेळ म्हणतो) विरंगुळा म्हणून सोडून देणे मला पटत नाही. सायकलवरून रिकामे डबे वेचताना प्रतिस्पर्धी आडवे येतात, वेळ संपत येते. हसू येते, पण काम पोटाचेच. खोपटला एसटी स्थानकाबाहेर भंगार वेचणाऱ्यांची घाई हीच. घात पुढे होतो: कंपनी चालवण्याच्या पोटखेळात लाखो येन मिळतात, आणि मग सायकलीकडे खेळणारा फिरकतही नाही.